सी मध्ये काही आहे का?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पानशेतच्या पलीकडे आमच्या वाडीत तेवढीच होती. ही पानं कोणाला दाखवायची नाहीत, तरी आधी माफी मागून ठेवते. माफी मागायची सवयच लागली आहे. दुसऱ्याच्या घरात शिरलं की चप्पल कुठे काढू, इथे खाली बसले तर चालेल का, जरा पंखा बंद करू का, धूळ उडेल, असं सगळं माफीच्या सुरातच तोंडातून निघतं.

उन्हाळा परत आला. मला तो झाडांवरून कळत नाही, फोनवरून कळतो. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की फोन सुरू होतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. "चालू होतो, दहा मिनिटं बरा चालतो आणि आपला आपण बंद पडतो हो." मशीनला ताप आलेला असतो. डबा उघडला की आतला छोटा पंखा धुळीने गच्च, वर लोकरीसारखा थर. धायरीतल्या मशीनमधली धूळ पांढरी असते, सिमेंटची, कारण इकडे इमारती बांधायच्या थांबतच नाहीत. मंडईच्या आसपासच्या घरांतली धूळ काळपट आणि तेलकट. तापलेल्या धुळीला एक करपट वास असतो, तव्यावर पीठ सांडल्यासारखा. तो वास आला की माझा हात मशीनवरून आपोआप मागे येतो. दोन वर्षं झाली, तरी येतो.

मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. हे वाक्य लिहितानाही मी आधी इकडेतिकडे बघितलं.

धंदा खरा ह्यांचा. अठरा वर्षं ह्यांनी स्कूटरवरून अख्खा सिंहगड रस्ता आणि सगळ्या पेठा पालथ्या घातल्या. आम्हाला मूलबाळ नाही. घरी एकटी बसून काय करतेस, चल, असं म्हणून हे मला मागे बसवून न्यायचे. मी बॅग धरायची, बॅटरीचा उजेड पाडायचा, निघालेले स्क्रू वाटीत ठेवायचे. कोणी बोललं तर नुसतं हसायचं. सहा वर्षं असं बघून बघून हाताला कळायला लागलं. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे की अर्धी मशीन तिथेच सुरू होतात. गिऱ्हाईकाला वाटतं जादू झाली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकार ओळखते. येस तीन अक्षरांचं, नो दोन. निळ्यावर पांढरी अक्षरं आली की मशीन रडतंय. काळ्यावर आली की अजून आशा आहे.

मग दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड झालं, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि पहिला फोन आला. हे म्हणाले, "तू जा. मी फोनवर सांगतो." मी म्हणाले, "मला बोलायला जमणार नाही." हे म्हणाले, "तुला बोलायचं कुठंय, मशीनशी काम आहे."

असा तो उन्हाळा सुरू झाला. हे कॉटवर पडलेले, फोन छातीवर ठेवलेला. मी कुठल्या तरी अनोळखी घरात जमिनीवर बसलेली, कानाला फोन.

"काय आलंय पडद्यावर?"

"एक ओळ आलीय."

"पहिलं अक्षर कसलं?"

"कंगव्यासारखं."

"ई ते. पुढे?"

"दोन काठ्या आणि मध्ये तिरपी."

"एन. बरं, कळलं. एंटर दाब."

घरातली माणसं मागे उभी राहून ऐकायची. माझी मान वर व्हायची नाही. पेठेतल्या एका काकूंनी दार उघडून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर कुठायत?"

"त्यांना बरं नाही."

"मग त्यांना बरं वाटल्यावर या. आम्हाला घाई नाही." दार लागलं. फोन करून 'अर्जंट आहे' म्हणणाऱ्या त्याच होत्या. जिना उतरता उतरता पुन्हा दार उघडल्याचा आवाज आला. "आणि हो, शिक्षण काय तुमचं?" मी खरं सांगितलं. काकू म्हणाल्या, "चौथी? असू दे, असू दे. आमच्याकडे भांड्याला येते ती सातवी झालीय, तिलाच सांगते बघायला."

पण सगळे तसे नव्हते. पुष्कळांनी सरबत दिलं. पुष्कळांनी काम नसताना शंभर रुपये हातावर ठेवले, ते मला काकूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले.

ओव्हाळसाहेब आमचे जुने गिऱ्हाईक. धायरीतच राहतात, आमच्यापासून चालत दहा मिनिटं. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. मशीनवर त्यांच्या बायकोने, ओव्हाळताईंनी, विणलेलं झाकण. ते झाकण काढून मशीन लावायचं, हे ह्यांनी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं. लोक ऐकत नाहीत. मी पण सांगून ठेवते, कोणी ऐको न ऐको: चालू मशीनवर काही पांघरू नका, त्याला गुदमरायला होतं. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू जाळीवर उधळू नका. उन्हाळ्यात डबा उघडते तेव्हा पंख्याच्या पात्यांवर मागच्या दसऱ्याचं कुंकू बसलेलं असतं, आणि एकदा तर सीडीच्या खणात अक्षता सापडल्या होत्या.

एप्रिलात साहेबांचा फोन आला. मशीन अडकतंय, आपोआप बंद पडतंय. मी सकाळी नऊला गेले. उन्हं तेव्हाच गच्चीवर तापली होती. सोसायटीत दोन दिवस नळाला पाणी नव्हतं आणि टँकरची वाट बघत बायका बादल्या घेऊन खाली उभ्या होत्या. खडकवासल्याचं धरण इथून हाकेवर, पण एप्रिल आला की धायरी टँकरवर जगते.

पंखा साफ केला, आतली चिप गार ठेवणारा पांढरा लेप नवीन लावला. ताप उतरला, पण मशीन अडकायचं थांबेना. ह्यांना फोन लावला. पडद्यावर काय काय येतंय ते सांगितलं. हे म्हणाले, "आतलं विंडोज सडलंय. फॉरमॅट मारावा लागेल. आधी साहेबांना विचार, सी मध्ये काही आहे का."

हा प्रश्न मी सहा वर्षं ऐकत आले होते. मशीनच्या पोटात दोन खण असतात, सी आणि डी. सी मध्ये मशीनचं स्वतःचं सामान, डी मध्ये माणसाचं. सी पुसून नवीन भरायचा, डी ला हात लावायचा नाही. सगळ्या घरांत हे हाच प्रश्न विचारायचे आणि सगळ्या घरांत 'नाही' असं उत्तर यायचं. मीही विचारलं. खाली बघून विचारलं, पण विचारलं.

साहेब म्हणाले, "सी मध्ये मी कशाला काय ठेवीन? माझं सगळं समोर आहे."

मला वाटलं, समोर म्हणजे कपाटात, वह्यांत, कुठेतरी. मी फोनवर सांगितलं, "काही नाही म्हणतायत." हे म्हणाले, "मग मार."

आता जे लिहायचं आहे, ते मी दोन वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. त्या सकाळी मशीन सुरू झालं होतं तेव्हा पडद्यावर डाव्या बाजूला बारकी बारकी चित्रं होती, त्यांखाली इंग्रजी. आणि त्या सगळ्यांत एक पिवळं पाकीट होतं, त्याच्याखाली मराठीत लिहिलं होतं, 'आवाज'. अख्ख्या पडद्यावर मला वाचता येणारा तो एकच शब्द होता. मी तो वाचला. मला बरंही वाटलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. साहेबांना विचारावं, हे काय आहे, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण ते पेपर वाचत होते. उगाच कशाला बोलायचं, असं म्हणून मी गप्प बसले.

तासाभराने नवीन निळा पडदा आला. स्वच्छ, रिकामा. मशीन वाऱ्यासारखं चालायला लागलं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. हे शेजारी नसताना एवढं मोठं काम मी पहिल्यांदा पूर्ण केलं होतं. साहेब खुर्चीवर येऊन बसले, चष्मा लावला.

"माझं कुठं गेलं?"

"काय साहेब?"

"इथं होतं ते. समोर. पाकीट होतं."

मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि हातातली स्क्रूची वाटी कलंडली. समोर म्हणजे पडद्यावर. पडद्यावर दिसतं ते सगळं सी मध्येच असतं. ते डोळ्यांसमोर असतं म्हणून माणसाला वाटतं की ते कुठल्याच खणात नाही.

मी ह्यांना फोन लावला. "अहो, पडद्यावर एक पाकीट होतं, ते गेलं." फोनमध्ये कॉट करकरली. मग हे म्हणाले, "डेस्कटॉप बघितला नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाही."

"मी नेहमी बघतो."

बघायचेच. मला आता आठवत होतं. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं तरी ह्यांचा उजवा हात आपोआप जायचा, पडद्यावरचं सगळं उचलून डी मध्ये टाकायचा आणि मगच पुढे. बोलता बोलता, चहा पिता पिता. ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण ते त्यांच्या तोंडाला माहीतच नव्हतं. हाताला माहीत होतं. आणि तो हात कॉटवर पडून होता.

"मशीन बंद कर," हे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. वायर काढ. आणि आता त्यात काही भरू नको." हा एक सल्ला मी सगळ्यांना देते. काही पुसलं गेलं तर हात मागे घ्यावा. पुसलेलं लगेच जात नाही, ते तळाशी असतं, पण वरून तुम्ही काही ना काही टाकत राहिलात तर ते कायमचं दबतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बसा." मी जमिनीवरच होते. त्यांनी सांगितलं त्या पाकिटात काय होतं ते. निवृत्त झाल्यापासून ते गावोगाव जात होते, त्यांच्या भावकीतली म्हातारी माणसं गाठून त्यांना बोलतं करत होते. धम्म घेतला त्या दिवसाबद्दल. कोण चालत गेलं, कोणी बैल विकून गाडीभाड्याचे पैसे उभे केले, पांढरं लुगडं नव्हतं म्हणून कोणी शेजारणीचं धुवून नेसलं, घरातले देव कोणत्या डोहात सोडले आणि परत येताना कोण रडलं. एक्केचाळीस माणसांचे आवाज होते.

"त्यांतली किती आहेत आता?" मी विचारलं. एवढं कसं विचारवलं मला माहीत नाही.

"चार," साहेब म्हणाले.

ओव्हाळताई आतून कोकमाचं सरबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला माझ्यासमोर ठेवला आणि साहेबांकडे बघून म्हणाल्या, "अक्कांचं पण त्यातच होतं?" अक्का म्हणजे साहेबांची मोठी बहीण, आदल्या वर्षी वारलेली. साहेबांनी मान हलवली. मी ते सरबत प्यायले की नाही, आठवत नाही.

डेक्कनच्या बाजूला एका इमारतीत पुसलेलं परत काढून देतात, हे ह्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी डिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि साहेब आणि मी रिक्षाने गेलो. रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. तिथे काचेच्या आड चष्मा लावलेली एक मुलगी होती.

"फॉरमॅट कोणी केलं?" तिने विचारलं.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ओके. बघा, फ्रँकली सांगते, गॅरंटी नाही. नवीन विंडोज ज्या जागेवर बसलंय तिथलं येणार नाही. बाकी ट्राय करू. फाइल्सची नावं नाही मिळणार, नुसते नंबर मिळतील. बावीस हजार होतील, निम्मे आत्ता. आठ दिवस."

साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. मी म्हणाले, "साहेब, हे माझ्याकडे लागले." ते म्हणाले, "हो. तुमच्याकडेच लागले." आणि पैसे भरले.

ते आठ दिवस. उन्हाळा म्हटला की मला तेच आठ दिवस दिसतात, बाकीचा सगळा मार्च-एप्रिल त्यांच्या मागे उभा असल्यासारखा. पत्र्याखाली आमची एक खोली आणि एक मोरी. दुपारी पत्रा कडकड वाजायचा. हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मी येतो म्हणून सांग साहेबांना, मी बघतो," आणि उठायला गेले आणि कॉट आणि भिंत यांच्या मधे पडले. मला एकटीला ते उचलवेनात. शेजारणीला हाक मारायची मला लाज वाटली, म्हणून मालिश करणारा येईपर्यंत मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. फरशी गार होती. हे म्हणाले, "अठरा वर्षांत एक पाकीट गेलं नाही माझ्याकडून." मी म्हणाले, "मला माहिताय." ते म्हणाले, "तुला नाही बोलत." पण मलाच बोलत होते, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

कामाला जावंच लागत होतं, मालिश करणाऱ्याला रोजचे पैसे लागायचे. तपकीर गल्लीत, सुट्या भागांच्या दुकानांत, बॅटरी आणायला गेले की दुकानदार ह्यांची विचारपूस करायचे आणि मला वाटायचं, त्या दुकानदारांना सगळं कळलंय. कोणाच्याही घरी डबा उघडला की एकेक स्क्रू तीनतीनदा तपासायचे. एका घरी नुसती वायर सैल होती, ती घट्ट बसवायला मला पाऊण तास लागला, कारण माझा माझ्या हातावर विश्वासच नव्हता. घरमालकीण म्हणाली, "अहो, झालं ना? मग रडताय कशाला?" मी म्हणाले, "धूळ गेली डोळ्यात."

सहाव्या दिवशी परत येताना मी बसमधून आधीच उतरले आणि कालव्याच्या कडेने चालत निघाले. पाणी सोडलेलं होतं, भरून चाललं होतं, तपकिरी. ह्यांची बॅग खांद्यावर होती. ती पाण्यात टाकून द्यावी म्हणून थांबले होते. तिथे बराच वेळ उभी होते. बॅगच टाकायची होती, एवढंच लिहिते. एक बाई जरा पुढे चादरी धूत होती, ती मोठ्याने म्हणाली, "ओ ताई, तिथनं सरका, दगड हलतोय." मी सरकले. तिने मला चादरीचं दुसरं टोक धरायला लावलं. आम्ही दोघींनी चार चादरी पिळल्या. तिने विचारलं, बॅगेत काय आहे. मी म्हणाले, पाने आणि पेचकस. ती म्हणाली, "मग जड असणार." मी घरी गेले.

आवाज आले ते एका रविवारी. एक्केचाळीसमधले चौतीस. नावं नाहीत, नुसते आकडे. साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं दारातच काय ते सांगतील, पण ते म्हणाले, "तुम्ही लावायचं. मी ऐकतो आणि नाव सांगतो." मग मी एकेक आकडा दाबत गेले. खोलीत एक म्हातारा बोलायला लागला. त्याच्या बोलण्यामागे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी भांडं आपटत होतं. साहेब डोळे मिटून म्हणाले, "थोरले मामा." पुढचा आवाज येताच ओव्हाळताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "ही तर माझी चुलती! हिचा खोकलाच सांगतोय की!" आणि पदराला हात पुसत येऊन खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. एक बाई हसत हसत सांगत होती की तिने आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी बघितली ती त्या दिवशी, आणि तिला दीक्षेपेक्षा आगगाडीच जास्त आठवते, हे साहेबांनी कोणाला सांगू नये. साहेब हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. एका आवाजाला कोणालाच नाव देता येईना. एका बाईचा होता, घोगरा, सावकाश. ताई म्हणाल्या ही अमकी, साहेब म्हणाले नाही, ती अशी अडखळत नव्हती. तीन वेळा लावला. शेवटी साहेब म्हणाले, "राहू दे. बोलतेय ना, बोलू दे."

मी प्रत्येक आवाजाला वाट बघत होते, पुढचा अक्कांचा असेल. अक्कांना मी कधी बघितलेलं नाही, तरी मला वाटत होतं की मी ओळखीन. तिसावा गेला. बत्तीस, तेहेतीस. चौतिसावा एका पुरुषाचा होता आणि अर्ध्या वाक्यात तुटला. मग काही नाही.

"अक्का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"बरं," ते म्हणाले. ते उठले, खिडकीशी गेले. "टँकर आला का बघतो." टँकर आलेला नव्हता. ते बराच वेळ बघत राहिले. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी मशीनसमोर बसून होते आणि कोणीतरी मला घालवून द्यावं अशी वाट बघत होते.

आता मी तो प्रश्न विचारत नाही. सी मध्ये काही आहे का, असं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात, कारण ते कुठल्या खणात राहतात हे त्यांना ठाऊकच नसतं. मी म्हणते, तुम्हाला जे सगळ्यात जपायचंय ते मला उघडून दाखवा. माझी मान खालीच असते, पण विचारते. कोणी चिडतात. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही रिपेअरला आलात की चौकशीला?" मी म्हणाले, "दाखवा तरी." मग ते दाखवतात. मुलीची पत्रिका, वडिलांचं मृत्युपत्र, कोणाच्या तरी बारशाचे फोटो, एका आजोबांनी रोज लिहिलेली रक्तातल्या साखरेची यादी. दोन ठिकाणी ठेवा, मी सांगते. एक मशीनमध्ये, एक बाहेर, आणि बाहेरचं दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी. नाव नुसतं आवाज, फोटो असं देऊ नका. कोणाचं, कुठलं, ते पूर्ण लिहा.

हे आता डाव्या हाताने पेचकस धरतात. घरी आणलेली मशीन पाटावर ठेवून दोघं मिळून उघडतो. कधी कधी ते काही करता करता मध्येच थांबतात आणि म्हणतात, "हे बघ, हे मी आत्ता काय केलं? हे तुला सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलेलं. मग मी ते वहीत लिहून घेते. वहीची ही पानं सोडली तर बाकी सगळी वही असल्याच नोंदींची आहे.

साहेबांचे पैसे मी कधी पाचशे, कधी हजार असे नेऊन देत होते. एका महिन्यात दोनशेच जमले, तेही त्यांनी घेतले. पहिल्या वेळी मला मनातून वाटलं होतं, ते म्हणतील, राहू द्या. लोक म्हणतातच. तो उन्हाळा सुरू झाल्यापासून मला राहू द्या म्हणणारी माणसं इतकी भेटली होती, आणि प्रत्येक राहू द्या बरोबर मी थोडी थोडी कमी होत गेले होते. साहेब तसं एकदाही म्हणाले नाहीत. बोटाला पाणी लावून मोजायचे, कपाटातल्या वहीत मांडायचे आणि विचारायचे, "मिस्टर कसे आहेत?" मधल्या काळात त्यांचं मशीन दोनदा बिघडलं. दोन्ही वेळा त्यांनी मलाच बोलावलं आणि दोन्ही वेळा माझी मजुरी वेगळी, रोख हातात दिली. माझ्या पैशात वळती करून घेतली नाही. मी म्हणाले होते, वळती करा. ते म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं."

परवा शेवटचे आठशे घेऊन गेले. दुपारचे चार वाजले होते, खाली टँकर उभा होता, पाइप जिन्यातून वर गेला होता. साहेबांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. कागद पुढे ओढला, कचेरीतल्यासारखी पावती लिहायला लागले, सावकाश, वळणदार.

"पूर्ण नाव?"

"सुमन दारवटकर."

"व्यवसाय?"

मी दाराकडे बघितलं. माझ्याऐवजी सांगायला कोणी नव्हतं. "कॉम्प्युटर दुरुस्ती," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं. खाली सही केली, तारीख टाकली, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचून घ्या. बरोबर आहे का बघा." मी वाचलं. बोट ठेवून वाचलं, मला तसंच येतं. सुमन दारवटकर, कॉम्प्युटर दुरुस्ती, धायरी, यांजकडून रुपये बावीस हजार फक्त, पूर्ण मिळाले.

"बरोबर आहे, साहेब."

"मग झालं," ते म्हणाले. आतून अक्कांबद्दल कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पाइप ओलांडून मी जिना उतरले आणि टँकरच्या मागे, कोणी बघत नव्हतं तिथे, थोडा वेळ थांबले. एक रुपयासुद्धा त्यांनी सोडला नव्हता.